रात्रभर टक्क जागं असल्यासारखं वाटतं तेव्हा: झोपेचा अंदाज का चुकतो आणि त्याआड कोणते आजार दडतात

"रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही," असं नवरा सकाळी सांगतो आणि बायको म्हणते, "अहो, बारा वाजल्यापासून घोरत होतात की!" बहुतेक घरांत हा वाद नवऱ्याला खोटं पाडून संपतो. पण दोघंही बरोबर असू शकतात. मेंदूच्या लहरी मोजल्या तर सहा तास झोप दिसते आणि ज्याची झोप मोजली त्याला ती जेमतेम दोन तास वाटते, हा निद्रानाशातला नेहमीचा प्रकार आहे. १९९० च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा होती, २००५ मध्ये त्याचं नाव 'पॅराडॉक्सिकल इन्सोम्निया' झालं, आणि २०१४ पासून तो दीर्घकालीन निद्रानाशातच धरला जातो. हे विलीनीकरण योग्यच होतं. झोप न लागणाऱ्या बहुतेकांमध्ये हा फरक कमी-जास्त असतोच. काहींमध्ये तो अर्ध्या तासाचा असतो, काहींमध्ये चार तासांचा.

अडचण पुढे येते. "तुम्हाला झोप लागते, फक्त कळत नाही" असं म्हणून कोणी बोळवण केली, तर त्याच माणसाला असलेला स्लीप ॲप्निया (झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडण्याचा आजार) किंवा पायांची वळवळ तशीच राहून जाते. आणि उलट, "तीनच तास झोपतो" हे शब्दशः धरलं तर गोळ्यांचा डोस चढत जातो. म्हणून उपचाराआधी हा फरक किती आहे ते मोजायचं, आणि तो कशामुळे पडतो ते शोधायचं. सगळी खटपट त्याच क्रमाने करायची आहे.

अंदाज चुकतो कसा

झोप बटण दाबल्यासारखी लागत नाही. पहिल्या, हलक्या टप्प्यात डोळे संथ फिरतात, विचार चालू असतात, पंख्याचा आवाज ऐकू येतो. या टप्प्यातून उठवलं तर धडधाकट माणूसही म्हणतो, "मी जागाच होतो." निद्रानाश असलेल्यांमध्ये त्यापुढच्या टप्प्यातही मेंदूत जागेपणीच्या वेगवान लहरींची भेसळ जास्त आढळते. झोप आहे, पण पहारेकरी डुलकी घेत नाही.

दुसरं कारण आठवणीचं. चांगली झोप लागणाऱ्याला झोप लागण्याआधीची काही मिनिटं सकाळी आठवत नाहीत; ती पुसली जातात. मेंदू सतर्क राहिला की हे पुसणं नीट होत नाही आणि अंथरुणावरची प्रत्येक कूस लक्षात राहते.

तिसरं कारण घड्याळ. प्रौढांचं झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं आणि चक्र संपताना थोडी जाग येणं स्वाभाविक आहे. कुणी १:१०, २:४० आणि ४:१० ला मोबाइल पाहिला, तर सकाळी ते "एक ते चार जागाच" असं जोडलं जातं. या वेळांमधलं दीड-दीड तासाचं अंतर मात्र दुसरीच गोष्ट सांगतं: मध्ये प्रत्येक वेळी एकेक चक्र पूर्ण झालं असण्याची दाट शक्यता आहे. तुमच्या जागण्याच्या वेळा अशाच अंतराने पडतात का, हे एवढं एक पाहिलं तरी बराच उलगडा होतो.

यंत्रही निर्दोष नाही, हेही सांगायला हवं. स्लीप स्टडीत, म्हणजे तारा लावून केलेल्या झोपेच्या रात्रभराच्या तपासणीत, रात्रीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडतात आणि तुकड्यातला जास्त भाग ज्या अवस्थेत गेला ते नाव त्या तुकड्याला मिळतं. सोळा सेकंद झोप आणि चौदा सेकंद जाग असेल तर कागदावर लिहिलं जातं 'झोप'. अशा चाळवलेल्या झोपेला रुग्ण 'जाग' म्हणत असेल तर तो थापा मारत नाही.

पायरी १: दोन आठवड्यांची नोंद, घड्याळाशिवाय

साधी वही पुरते. सलग १४ दिवस, सकाळी उठल्यावर तासाभरात भरायची. रात्री अंथरुणात बसून भरायची नाही. नोंदीसाठी जागं राहणं हाच नवा रोग होतो. रकाने असे:

- अंथरुणात किती वाजता गेलो, आणि झोपायचं म्हणून दिवा किती वाजता मालवला (हे दोन वेगळे आहेत, मधला वेळ बहुतेकदा मोबाइलचा)
- झोप लागायला अंदाजे किती मिनिटं लागली
- मध्ये किती वेळा जाग आली, सगळी मिळून किती मिनिटं
- शेवटची जाग किती वाजता, अंथरूण किती वाजता सोडलं
- एकूण झोप किती वाटली
- दुपारची डुलकी, शेवटचा चहा-कॉफी, दारू, गोळी यांच्या वेळा
- झोपेची प्रत 1 ते 5 ऐवजी 'वाईट, बरी, चांगली' एवढ्यात

आकडे अंदाजाचेच हवेत. भिंतीवरचं घड्याळ उतरवा, मोबाइल गजर लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला पालथा ठेवा. "अंदाज चुकला तर?" ही भीती इथे गैरलागू आहे, कारण आपल्याला चुकणारा अंदाजच हवा आहे. उद्या यंत्राच्या आकड्याशेजारी ठेवायचा आहे तो तोच.

चौदा दिवसांनी हिशेब: एकूण वाटलेली झोप भागिले अंथरुणातला वेळ, गुणिले १००. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात. ८५ टक्क्यांच्या वर असली की ठीक. रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा अंथरुणात आणि झोप वाटली तीन तास, तर ४८० मिनिटांपैकी १८०, म्हणजे ३७.५ टक्के. असा आकडा रोज येत असेल आणि तरी माणूस कामावर जात असेल, हिशेब करत असेल, स्कूटर चालवत असेल, तर मोजलेली झोप यापेक्षा बरीच जास्त निघण्याचा संभव मोठा.

पायरी २: शेजारी झोपणाऱ्याची साक्ष

घोरणं, घोरता घोरता श्वास थांबून मग धापेसह सुरू होणं, पाय झटकणं, झोपेत बोलणं किंवा हात उगारणं हे रुग्णाला सहसा कळत नाही. जोडीदार वेगळ्या खोलीत झोपत असेल तर तीन-चार रात्री मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा; उताणं झोपल्यावरचं रेकॉर्डिंग जास्त उपयोगाचं. एकत्र कुटुंबात सासूबाईंच्या घोरण्याबद्दल बोलायला सून कचरते आणि सासूबाईंना ते अपमानासारखं वाटतं. त्यापेक्षा एक मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवणं सोपं पडतं.

पायरी ३: थकवा आणि पेंग वेगळी करा

सगळ्या तपासण्यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी हीच. निद्रानाशाचा माणूस दिवसभर थकलेला असतो, पण दुपारी आडवा झाला तरी झोप येत नाही. ॲप्नियाचा माणूस बसल्या जागी पेंगतो. पेंग मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीत आठ प्रसंग असतात आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण: वाचताना, टीव्ही पाहताना, सभेत किंवा नाटकाला बसल्यावर, तासभर गाडीतून प्रवासी म्हणून जाताना, दुपारी आडवं झाल्यावर, कोणाशी बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, आणि रहदारीत गाडी थांबलेली असताना. शेवटचा प्रसंग नाशिककरांना समजवायला द्वारका चौक पुरे. बेरीज १० च्या वर गेली तर नुसत्या निद्रानाशावर समाधान मानू नका, दुसरा आजार शोधा. बेरीज ३-४ आणि वहीत झोप तीन तास, असं जोडीने आलं तर अंदाजाच्या चुकीकडे काटा झुकतो.

मात्र उलटं गृहीत धरू नका. ॲप्निया असूनही पेंग न येणारे पुष्कळ असतात, विशेषतः बायका.

पायरी ४: आड दडलेले आजार

*ॲप्निया.* निद्रानाश आणि ॲप्निया एकत्र असतात हे १९७३ मध्येच नोंदलं गेलं होतं, तरी अजून दोन्ही वेगवेगळ्या दारांत तपासले जातात: झोप येत नाही म्हणून मानसोपचारतज्ज्ञ, घोरतो म्हणून कान-नाक-घसा. ॲप्नियाच्या रुग्णांपैकी साधारण ३० ते ५० टक्क्यांना निद्रानाशाची लक्षणं असतात. घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू तीन-चार सेकंद जागा होऊन श्वास सोडवतो आणि परत झोपतो. हे तासाला वीसदा झालं तरी सकाळी एकही आठवत नाही. आठवते ती फक्त "रात्रभर झोप चाळवत होती" ही भावना. त्यामुळे ज्याला आपण नुसती अंदाजाची चूक समजतो, तिच्यामागे कधी कधी खरोखरच्या शेकडो बारीक जागा (काही सेकंदांचं जागेपण) असतात.

विचारायचे प्रश्न: मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, श्वास थांबलेला कोणी पाहिला का, रक्तदाब आहे का, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर आहे का, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंमीच्या वर, आणि पुरुष आहात का. आठपैकी तीन-चार 'हो' म्हणजे मध्यम धोका, पाच किंवा जास्त म्हणजे मोठा. मानेचा घेर शिंप्याच्या टेपने कंठमण्याच्या पातळीवर मोजा. बीएमआयची अट मात्र आपल्याकडे फसवी आहे. जबडा लहान किंवा मागे असेल तर सडपातळ माणसालाही ॲप्निया होतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये धोका वाढतो आणि त्या घोरण्याची नव्हे तर "झोप येत नाही, अंग मोडून येतं, सकाळी डोकं जड" अशीच तक्रार घेऊन येतात. वरच्या प्रश्नांत 'पुरुष' या उत्तराला गुण आहे म्हणून बाईला कमी गुण पडतात, हेही ध्यानात ठेवा. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं आणि पहाटे तोंडाला कोरड पडणं ही दोन लक्षणं आवर्जून विचारा. मधुमेह नसतानाही ही असतील तर संशय बळावतो.

*पायांची वळवळ.* रेस्टलेस लेग्जमध्ये चार गोष्टी लागतात: पाय हलवावेसे वाटण्याची अनावर ओढ, बसल्या-पडल्या वाढणं, हलवल्यावर किंवा चालल्यावर आराम, आणि संध्याकाळ-रात्रीच जास्त होणं. गोळे येणं हे वेगळं. त्यात पोटरी दगडासारखी घट्ट होते. लोक "पाय शिवशिवतात", "पायात किडे वळवळतात", "पाय चेपून घ्यावेसे वाटतात" असं सांगतात. पाय चेपून घेतल्याशिवाय झोप न येणाऱ्या बाईला घरात कुरकुरी ठरवण्याआधी तिचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं. या आजारात प्रयोगशाळेच्या 'नॉर्मल' पट्ट्यावर विसंबायचं नसतं: ७५ किंवा त्याखाली असेल तर डॉक्टर सहसा लोह सुरू करतात. ताप, संसर्ग किंवा सांधेदुखी चालू असताना फेरिटिन खोटं वर दिसतं, म्हणून तेव्हा थांबून तपासावं. लोहाच्या गोळीबरोबर लिंबूपाणी चालतं, चहा चालत नाही. मध्ये निदान तासाभराचं अंतर ठेवा. आणि सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, नैराश्यावरची काही औषधं ही वळवळ वाढवतात. "झोप येत नाही" म्हणून दिलेल्या ॲमिट्रिप्टिलिननेच झोप उडालेली, हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

*शरीराचं घड्याळ आणि शिफ्ट.* सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आठवड्याला पाळी बदलणाऱ्याची झोप मोडते ती घड्याळामुळे. द्राक्षबागेला वीज रात्री मिळते म्हणून रात्री पाणी भरणाऱ्याचं, किंवा निफाडकडे पारा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवणाऱ्याचं तेच. कॉलेजातला मुलगा दहाला आडवा होऊन दोनपर्यंत तळमळतो, पण सुट्टीत तीन ते अकरा गाढ झोपतो; त्याला निद्रानाश नाही, त्याचं घड्याळ मागे आहे. वहीत सुट्टीचे दिवस वेगळ्या शाईने लिहिले की हे लगेच दिसतं.

*बाकी.* थायरॉइड (त्यासाठी टीएसएच ही रक्ततपासणी), रात्रीची आम्लपित्ताची जळजळ, दुखणी, नैराश्य, चिंता. आणि एक वेगळं: तीनच तास झोपूनही अंगात उत्साह ओसंडत असेल, खर्च-बोलणं वाढलं असेल, तर तो निद्रानाश नव्हे, मानसोपचारतज्ज्ञांना त्याच आठवड्यात भेटा.

घड्याळं आणि ॲप

मनगटावरचं स्मार्टवॉच मुख्यतः हालचाल आणि नाडी पाहतं. निपचित पडून राहिलेल्या जाग्या माणसाला ते झोपलेला समजतं. म्हणजे निद्रानाशातच ते जास्त चुकतं. 'डीप स्लीप ४२ मिनिटं' वाचून दिवस खराब करून घेण्यात अर्थ नाही. दोन आठवड्यांचा कल पाहायला ते ठीक आहे, एका रात्रीचा निकाल लावायला नाही. वापरायचंच असेल तर आधी वहीत आपला अंदाज लिहा, मग घड्याळ बघा. क्रम उलटला की अंदाज घड्याळाच्या मागे धावतो आणि तुलना वाया जाते.

पायरी ५: कोणती तपासणी, आणि ती रात्र

साध्या निद्रानाशाला स्लीप स्टडी लागत नाही. पण ॲप्नियाचा संशय असेल, झोपेत हातपाय झाडले जात असतील, किंवा नीट उपचार करूनही फरक नसेल तर लागते. इथे निवड महत्त्वाची आहे. घरी मिळणाऱ्या छोट्या यंत्रात बहुधा मेंदूच्या लहरींची तार नसते. म्हणजे तुम्ही झोपलात की नाही हेच त्याला कळत नाही. श्वासाच्या अडथळ्यांची संख्या ते झोपेच्या नव्हे तर रेकॉर्डिंगच्या तासांनी भागतं, म्हणून रात्रभर तळमळणाऱ्याचा आकडा खोटा कमी येतो. निद्रानाश आणि ॲप्निया दोन्हींचा संशय असेल तर तंत्रज्ञाच्या देखरेखीखालची पूर्ण तपासणीच मागा. नाव नोंदवताना चार गोष्टी विचारा: डोक्याला ईईजीच्या (मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या) तारा लावता का, पायांवर तारा असतात का, नाकाशी हवेचा दाब मोजणारी नळी असते का, आणि अहवाल कोण वाचतं.

त्या रात्री रोजची औषधं डॉक्टरांना विचारूनच घ्या किंवा बंद ठेवा. झोपेची गोळी अचानक बंद करून गेलात तर दिसेल ती गोळी सुटल्याची रात्र. केसांना तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. स्वतःची उशी न्या. दुपारी झोपू नका आणि चहा दुपारी बाराच्या आत संपवा. कॅफीन अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. नव्या जागी पहिल्या रात्री झोप थोडी बिघडतेच. गंमत म्हणजे काही निद्रानाशी लोकांना घरापेक्षा तिथे जास्त झोप लागते.

आणि आता सर्वांत मोलाची गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी राहून जाते. सकाळी तारा काढण्याआधी, कुणी काही सांगण्याआधी, तंत्रज्ञाला एका कागदावर लिहून घ्यायला सांगा: झोप लागायला किती वेळ लागला असं वाटतं, कितीदा जाग आली, एकूण किती तास झोप झाली, आणि ही रात्र घरच्यासारखी होती का. हा कागद नसेल तर अख्ख्या तपासणीतून झोपेचा अंदाज कळतच नाही.

पायरी ६: अहवाल वाचणं

एक काल्पनिक पण नेहमी भेटणारा अहवाल घेऊ. सिडकोतल्या ५४ वर्षांच्या गृहिणी, रात्री १०:४५ ला दिवा बंद, सकाळी ६:१५ ला चालू. एकूण ४५० मिनिटं. त्यांनी सकाळी लिहिलं: झोप लागायला दोन तास, एकूण झोप तीन तास. अहवाल म्हणतो: झोप लागायला १८ मिनिटं, मधली जाग ४७ मिनिटं, एकूण झोप ३८५ मिनिटं, कार्यक्षमता ८५.६ टक्के.

फरक ३८५ वजा १८०, म्हणजे २०५ मिनिटं. त्याला ३८५ ने भागलं तर ०.५३, झालेल्या झोपेपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या गणतीतच नाही. इथे थांबलं तर निदान 'अंदाजाची चूक' आणि सल्ला 'काळजी करू नका'.

पुढच्या ओळी वाचा. तासाला अडथळे ९, म्हणजे सौम्य ॲप्निया (५ ते १५ सौम्य, ३० पर्यंत मध्यम, पुढे तीव्र). पण स्वप्नझोपेत हाच आकडा २६. स्वप्नझोप पहाटेकडे जास्त असते, आणि बाईंची तक्रारही "तीननंतर तर झोपच नाही" अशी. बारीक जागांचा दर तासाला २४, त्यातल्या निम्म्याहून जास्त श्वासाशी जोडलेल्या नाहीत. पाय झटकण्याचा दर ६. प्रौढांत १५ पर्यंत दखल घेत नाहीत. रक्तातला प्राणवायू एकदा ८६ टक्क्यांपर्यंत उतरलेला. म्हणजे तीन थर एकावर एक आहेत: सतर्क मेंदू, पहाटेचा ॲप्निया, आणि या दोन्हींमुळे फुगलेला जागेपणाचा अंदाज. हीच तपासणी घरच्या यंत्रावर झाली असती तर अडथळे ४५० मिनिटांवर पसरून आकडा आठच्याही खाली गेला असता, आणि नुसत्या बारीक जागेवर ओळखले जाणारे अडथळे ईईजीशिवाय मोजलेच गेले नसते. अहवाल बहुधा 'नॉर्मल' आला असता.

म्हणून अहवालाच्या शेवटच्या ओळीवर जाऊ नका. स्वप्नझोपेतला आणि उताणं झोपतानाचा अडथळ्यांचा दर, बारीक जागांचा दर आणि पहिल्या हलक्या टप्प्याचं प्रमाण (प्रौढांत साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असतं) हे चार आकडे डॉक्टरांना बोट ठेवून विचारा.

पायरी ७: उपचार, आणि नेमकं कुठे बिघडतं

दीर्घकालीन निद्रानाशाला पहिला उपचार गोळी नसून वर्तनोपचार, सीबीटी-आय, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संस्थेने २०१६ मध्ये केली. युरोपातही तेच धोरण आहे. सहा ते आठ बैठका लागतात. त्यातला गाभा अंथरुणातला वेळ आवळण्याचा. नेहमीच्या पद्धतीत वहीतली झोप जेवढी, तेवढाच वेळ अंथरुणात. अंदाज चुकणाऱ्यावर हा नियम तसाच लावला की घोटाळा होतो: वही म्हणते तीन तास, म्हणजे अंथरुणातही तीनच तास? मुळीच नाही. पाच-साडेपाच तासांच्या खाली कोणालाही आणायचं नसतं, आणि मोजलेली झोप हाती असेल तर तिच्यावरूनच ठरवायचं. वरच्या बाईंसाठी साडेअकरा ते सहा, म्हणजे साडेसहा तास, हा सुरुवातीचा आकडा रास्त. उठण्याची वेळ रविवारीही तीच. आठवड्याने कार्यक्षमता ८५-९० टक्क्यांवर गेली तर १५ मिनिटं वाढवा, ८० च्या खाली असेल तर १५ कमी. अंदाज चुकत असल्याने वहीतला टक्का हळू चढतो. अशा वेळी 'वाईट, बरी, चांगली' हा रकाना आणि दिवसाचा थकवा यांवर जास्त भिस्त ठेवा.

रात्री कसारा घाटातून गाडी नेणारे, यंत्रावर काम करणारे, फिट्स किंवा बायपोलर आजार असलेले, झोपेत चालणारे, आणि उपचार न झालेला ॲप्निया असून दिवसा पेंगणारे, यांनी हा प्रयोग आपल्या आपण करू नये.

झोप येत नसेल तर वीस मिनिटांनी उठावं, असं सगळीकडे छापलेलं असतं. घड्याळ उतरवल्यावर वीस मिनिटं मोजणार कशी? मोजू नका. चिडचिड सुरू झाली, उशी उलटीपालटी व्हायला लागली की उठा. वन-बीएचकेत दुसरी खोली नसते. हॉलमध्ये एक खुर्ची, मंद दिवा आणि कंटाळवाणं काहीतरी, एवढं आधीच मांडून ठेवा. हिवाळ्यात शाल तिथेच ठेवा, नाहीतर नाशिकच्या थंडीत गोधडीतून बाहेर पडण्याचा विचार सहज बारगळतो.

फरक दाखवून देणं हाही उपचारच आहे, पण दाखवायची रीत असते. "तुम्ही सहा तास झोपलात" असं नुसतं ऐकवलं की माणूस दुखावतो आणि डॉक्टर बदलतो. त्याचा स्वतःच्या हाताने लिहिलेला अंदाज आणि मोजलेला आलेख शेजारी ठेवून, "यातला फरक कशाने पडला असेल?" असं त्यालाच विचारलं तर भीती उतरते. आज रात्री झोप झाली नाही तर उद्या कोसळेन, ही भीतीच मेंदूला जागं ठेवते. ॲप्निया किंवा वळवळ सापडली असेल तर तीही याच बसण्यात सांगावी, म्हणजे तक्रार खोटी ठरवली गेल्यासारखं वाटत नाही.

सीपॅपचा, म्हणजे दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, मास्क निद्रानाशाच्या माणसाला जड जातो; जागेपणी नाकावर हवा असह्य होते आणि आठवड्यात यंत्र कपाटात जातं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या अभ्यासात आधी सीबीटी-आय घेतलेल्यांनी नंतर सीपॅप रात्रीला साधारण तासभर जास्त वापरलं. म्हणून सौम्य-मध्यम ॲप्नियात दोन्ही जोडीने किंवा आधी सीबीटी-आय, असा क्रम मागा. मास्कची सवय दिवसा, बातम्या बघताना १५-२० मिनिटं लावून करा. ॲप्निया मुख्यतः उताणं झोपल्यावर असेल तर कुशीवर झोपण्याची सोय करून पाहण्यासारखी आहे.

गोळ्यांचं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी मोजलेली झोप वाटते तितकी वाढत नाही. मधल्या जागा आठवत नाहीत हाही त्यांच्या 'गुणाचा' एक भाग आहे. उपचार न झालेल्या ॲप्नियात त्या धोक्याच्या ठरू शकतात. वर्षानुवर्षं चालू असतील तर एका झटक्यात बंद करू नका, फिट्ससुद्धा येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर दोन आठवड्यांनी थोडा थोडा डोस उतरवतात. औषधाच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर नवीन पट्टी आणणं बंद करा. आणि नाशिकसारख्या ज्या शहरात वाइन घरची समजली जाते तिथे हेही बोललं पाहिजे: रात्रीचा पेला झोप लवकर आणतो, उत्तररात्री मोडतो, आणि घशाचे स्नायू सैलावून ॲप्निया वाढवतो.

थांबू नये अशा वेळा

गाडी चालवताना डुलकी लागली असेल तर तपासणी होईपर्यंत चालवणं बंद. झोपेत स्वप्नाप्रमाणे ओरडणं, लाथा-ठोसे मारणं पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालं तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. रात्री श्वास गुदमरून उठणं आणि सोबत पायांना सूज किंवा छातीत दुखणं असेल तर आधी हृदय तपासा. जगणं नको वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना चौदा दिवसांची वही, घोरण्याचं रेकॉर्डिंग, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि असेल तर आधीचा अहवाल आकड्यांच्या पूर्ण पानांसह न्या. बऱ्याच जणांच्या फाइलला फक्त निष्कर्षाचं पहिलं पान असतं. उपचार सुरू झाल्यावर आठ आठवड्यांनी तीच वही पुन्हा दोन आठवडे भरा, पुन्हा घड्याळ न बघता.